ओढा, नाला आणि आत्याची दोन खोकी

आत्याच्या सहकारनगरच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट अखेर ठरलं, आणि गेल्या ऑक्टोबरात दोन रविवार आम्ही भावंडं तिचे माळे रिकामे करत बसलो. तांब्याचा बंब निघाला. शिवणयंत्राचं लाकडी झाकण निघालं, यंत्राचा पत्ता नाही. लोणच्याच्या सहा बरण्या निघाल्या. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवलेली दोन खोकी. एकावर आत्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं 'कथा'. दुसऱ्यावर 'पाणी'.

"रद्दीवाला खालीच उभा आहे, देऊन टाकायची का?" भाऊ म्हणाला. मी म्हटलं, थांब. पुण्यात 'थांब' म्हणून ठेवलेली वस्तू पुढे वीस वर्षं जागची हलत नाही हे पुरतं ठाऊक असूनही म्हटलं.

'कथा' मी एका हातानं खाली घेतलं. त्यात १९६८ ते १९८१ पर्यंतचे दिवाळी अंक होते, खुणेला पानं दुमडलेली. मोजून एकोणीस कथा. 'पाणी' उचलायला मात्र दोघं लागलो. त्यात टॅगने बांधलेल्या फायली. पहिला कागद १९८२चा, शेवटचा २०११चा. प्रत्येक अर्जाची निळ्या कार्बनची प्रत, आणि तिच्यामागे आलेलं उत्तर, आलं असलं तर. एकोणतीस वर्षांच्या या पत्रव्यवहाराचा विषय एकच: गल्लीच्या टोकाशी वाहणारा आंबिल ओढा. ओढ्यात राडारोडा टाकला जातोय. काठ बुजवून भिंत घातली. पात्र अरुंद केलं. पाणी कुठे जाणार?

आत्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. लग्न केलं नाही. नातेवाइकांत तिची ओळख लेखिका म्हणून कधी नव्हतीच. आधी 'ती लिहिते म्हणे' होती, मग 'पत्रवाली आत्या' झाली. लग्नाकार्यात कुणी ना कुणी तिला विचारायचंच, "काय, ओढा काय म्हणतोय?" आणि हसायचं. त्या हसण्यात मीही होते. आता लिहिताना तेवढं कबूल करून टाकते.

फायली चाळताना एका गोष्टीनं मी थबकले. आत्याच्या अर्जात विषय असायचा 'आंबिल ओढ्यातील भराव'. उत्तरात तोच विषय व्हायचा 'नाल्यातील भराव'. आणि आत्यानं दर वेळी, अगदी दर वेळी, त्या उत्तरातला 'नाला' लाल बॉलपेननं खोडून वर 'ओढा' लिहिलंय. वह्या तपासतात तसं. उत्तर आपल्याकडेच ठेवायचं होतं, परत कुणाला पाठवायचं नव्हतं, तरी. एका पत्राला तर समासात गुणही दिलेत: शुद्धलेखन, दहापैकी चार.

हे बघताना मला आठवली ती मार्जोरी स्टोनमन डग्लस.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते फार वाईट कारणानं. १४ फेब्रुवारी २०१८ला अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या पार्कलंडमध्ये एका शाळेत गोळीबार झाला, सतरा जण गेले. शाळेला नाव या बाईंचं. बातम्यांत ते नाव इतक्यांदा आलं की ते एका माणसाचं आहे हेच विसरायला व्हावं. मला उगाच वाटलं, कोण असेल ही? आपल्याकडे शाळेला नाव देणगीदाराच्या आईचं तरी असतं, नाहीतर पुढाऱ्याचं. ही निघाली लेखिका. एका दलदलीवर पुस्तक लिहिलेली लेखिका.

जन्म १८९०चा. ती सहा वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले, आणि त्यानंतर वडील तिला भेटले ते थेट १९१५ साली, मायामीत. मधल्या काळात तिनं स्वतःहून बऱ्याच मोठ्या माणसाशी लग्न केलं होतं. तो भामटा निघाला. घटस्फोट घ्यायचा म्हणून ती मायामीला आली. वडील तिथे वर्तमानपत्र चालवत होते, त्यांनी तिला कामाला लावलं. सुरुवात सोसायटी पानापासून, म्हणजे कुणाकडे चहापान झालं आणि कुणी कोणता पोशाख घातला होता. वडील त्या गावातले खमके संपादक. गव्हर्नर ब्रॉवर्डनं एव्हरग्लेड्सचं, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या त्या अफाट दलदलीचं, पाणी कालव्यांनी काढून टाकून शेतजमीन करायचा घाट घातला होता, त्याविरुद्ध ते लिहीत आले होते. पण मुलगी काही लगेच वडिलांचा झेंडा हाती घेऊन निघाली नाही, आणि हेच मला आवडतं. पहिल्या महायुद्धात ती नौदलात कारकून झाली, मग रेडक्रॉसकडून पॅरिसला गेली, परत येऊन स्तंभ लिहू लागली. १९२३ला नोकरी सोडली आणि कथा लिहून पोट भरू लागली. चांगल्या खपाच्या साप्ताहिकांत तिच्या कथा यायच्या. त्या पैशातून कोकोनट ग्रोव्ह भागात छोटंसं घर बांधलं. गाडी तिला आयुष्यभर चालवता आली नाही.

पुस्तक कसं झालं तेही गमतीचं. अमेरिकेतल्या नद्यांवर एक पुस्तकमालिका चालू होती. तिच्या संपादकानं, हर्व्ही ॲलननं, सुचवलं की मायामी नदीवर लिही. ती म्हणाली, त्या नदीवर काय लिहू, ती तर इंचभर लांब. त्यापेक्षा एव्हरग्लेड्सवर लिहू का? पण मालिका नद्यांची, आणि एव्हरग्लेड्स पडली दलदल. तेव्हा ती जेराल्ड पार्कर नावाच्या भूजलतज्ज्ञाकडे गेली. त्यानं नकाशे दाखवून समजावलं की हे पाणी साचलेलं नाही, वाहतंय. ओकिचोबी सरोवरातून निघून दक्षिणेला समुद्राकडे, सुमारे दीडशे किलोमीटर, पन्नास-साठ मैलांच्या रुंदीत, इतकं उथळ आणि इतकं संथ की उभं राहून पाहिलं तर वाहणं दिसतच नाही. वर गवत, खाली नदी. तिनं विचारलं, मग मी याला गवताची नदी म्हटलं तर चालेल? तो म्हणाला, चालेल.

चार-पाच वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक नोव्हेंबर १९४७मध्ये आलं, शीर्षकात 'रिव्हर ऑफ ग्रास' हे तीन शब्द घेऊन. पहिली आवृत्ती नाताळाच्या आत संपली. ६ डिसेंबरला अध्यक्ष ट्रुमन यांनी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन केलं.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते 'गवत' गवत नाहीच, हे मला नंतर कळलं. पात्याच्या कडेला करवतीसारखे दात असलेली ती वनस्पती आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली आहे. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, हे आपल्याकडे शाळकरी पोराला पाठ असतं. म्हणजे मराठीत तिचं पुस्तक आलं असतं तर 'लव्हाळ्यांची नदी' म्हणायला हरकत नव्हती. असो. आत्यानं इथे लाल पेन काढलं असतं की नाही, सांगता येत नाही.

तर मुद्दा शब्दाचा आहे. दलदल म्हटलं की ती उपसायचीच असते. डास, मगरी, रोगराई, फुकट गेलेली जमीन. नदी म्हटलं की ती अडवायला कारण द्यावं लागतं. एका बाईनं एका जागेचं नाव बदललं आणि त्या जागेबद्दल बोलण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर गेली.

अर्थात ही गोष्ट अशी गोड संपत नाही. नेमक्या त्याच १९४७ साली दक्षिण फ्लोरिडात वादळांनी महापूर आला आणि पुढच्याच वर्षी पाण्याला कालव्याबंधाऱ्यांत जखडण्याची अवाढव्य सरकारी योजना मंजूर झाली. लोकांनी पुस्तक उचलून धरलं आणि नदी तोडायला सुरुवात केली, दोन्ही एकाच सुमारास. उत्तरेकडून ओकिचोबीला पाणी पोचवणारी किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ करण्यात आली. वळणं घेत १६६ किलोमीटर जाणारी नदी ९० किलोमीटरचा कालवा झाली. मग पाणपक्षी गेले, मासे गेले, सरोवरात घाण साठू लागली, आणि ज्या खात्यानं ती सरळ केली त्याच खात्यानं १९९९ पासून २०२१ पर्यंत तिची काही वळणं परत घालून दिली. तिथलं हे वाचताना मला दरवर्षी पावसाळ्याआधी निघणारी आपल्याकडची ओढेसफाईची कंत्राटं आठवली, पण तो विषय नको.

शब्दांचं म्हणाल तर आपली मराठी या बाबतीत कंगाल नाही. चिबड आहे, पाणथळ आहे, कोकणात खाजण आहे, डबकं, डोह, डबरा, तळं, ओहोळ, ओढा आहे. दलदल आपण आता फक्त राजकारणाच्या अग्रलेखांसाठी राखून ठेवलीय. आणि पुण्यात पाणी गेलं तरी नाव उरतं, असाही एक प्रकार आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी याच आंबिल ओढ्याचं पाणी घेऊन तळं केलं होतं, मध्ये बेटावर गणपती. तळं जाऊन तिथे सारसबाग झाली त्याला किती पिढ्या लोटल्या. लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात आणि चपला काढून कोरड्या पायांनी आत जातात.

उलटा प्रकार कायद्यात दिसतो. जगानं १९७१ साली इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांची जी व्याख्या केली तिच्यात नद्याही येतात. आपल्या २०१७च्या नियमांत नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव 'पाणथळ' धरलेले नाहीत. म्हणजे थंडीत कवडीपाटला मुळा-मुठेत चक्रवाकांचे थवे उतरतात ते पाणथळीवर उतरत नाहीत. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी चोच उलटी करून चरतात, तेही नाही. ते सिंचनाच्या धरणात चरतात. पक्ष्यांना कुणीतरी राजपत्र वाचून दाखवायला हवं.

आत्याला हे नियम दाखवायला हवे होते असं आता वाटतं. २०१७ला ती होती, पण तिचा हात थरथरायला लागला होता आणि अर्ज बंद झाले होते.

एक गोष्ट मात्र तिच्याबद्दल सांगितलीच पाहिजे. ज्या ओढ्यासाठी तिनं दोन रिमं कागद संपवले त्या ओढ्याच्या काठी मी तिला उतरलेली कधीही पाहिली नाही. मी कॉलेजात असताना एकदा म्हटलं, "आत्या, चल ना खाली, पाणकणसं फुललीत." ती म्हणाली, "तू जा. मला चिखल आवडत नाही. आणि डास चावतात." मला तेव्हा तो शुद्ध ढोंगीपणा वाटला. निसर्गप्रेमी म्हणजे बुटात पँट खोचून पहाटे साडेपाचला दुर्बीण घेऊन निघालेला माणूस, अशी माझी कल्पना. आमच्या ग्रुपमध्ये असे पुष्कळ होते. कवडीला जाऊन चारशे फोटो काढायचे, परतीच्या वाटेवर मिसळ. ओढ्यात कुणी काय टाकलं हे विचारायला त्यांतला एकही कुठल्या खिडकीशी रांगेत उभा राहिला नाही. मीही नाही.

डग्लसबाईंनाही एव्हरग्लेड्समध्ये जाऊन राहण्याची हौस नव्हती. तिथे किडे फार, ओल फार, माणसानं फिरायला जावं अशी ती जागा नाही, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. जागेचं मित्र असणं म्हणजे तिथे सारखं जाऊन बसणं नव्हे, हा त्यांचा हिशेब. हे वाचलं आणि मला आत्याचे न भिजलेले पाय समजले. ओढा तिला आवडायचा म्हणून ती लिहीत नव्हती. चुकीचं वाक्य खपत नाही म्हणून लिहीत होती.

डग्लसबाईंची खरी लढाई सुरू झाली ती १९६९मध्ये, वय ७९. एव्हरग्लेड्सला लागून असलेल्या बिग सायप्रसच्या पाणथळीत जगातला सगळ्यात मोठा विमानतळ करायचं ठरलं होतं, एक धावपट्टी बांधूनही झाली होती. एका कार्यकर्त्यानं गळ घातली आणि त्यांनी एक संस्था काढली, वर्गणी एक डॉलर. विमानतळ रद्द झाला. ती एकुलती धावपट्टी तशीच राहिली, आणि २०२५ साली तिच्यावरच स्थलांतरितांना डांबायची छावणी उभारली गेली, तेव्हा याच संस्थेनं कोर्टात धाव घेतली. संस्थापिका जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

सत्तरीनंतर माणसं तीर्थयात्रेला निघतात. ह्या बाई मोठ्या काठाची हॅट घालून जनसुनावण्यांना निघाल्या. दिसेनासं झालं तरी निघाल्या. एका सभेत जमिनीवाल्यांनी त्यांची हुर्यो उडवली तर म्हणे त्यांनी विचारलं, एवढीच का, याहून मोठ्यानं नाही ओरडता येत? १९९३ला, वयाच्या १०३व्या वर्षी, देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढच्या वर्षीची गोष्ट. एव्हरग्लेड्समध्ये उसाच्या मळ्यांतून येणारं खताचं पाणी आवरण्यासाठी फ्लोरिडानं कायदा करायला घेतला आणि त्याला यांचंच नाव द्यायचं ठरवलं. त्यांनी मसुदा ऐकला. कायदा मळेवाल्यांना सोपा जाईल असा आहे म्हणाल्या, आणि आपलं नाव काढायला लावलं. काढलं गेलंही. १०४ वर्षांची बाई, डोळ्यांनी दिसत नाही, आणि तिनं छापायच्या कागदावरचा चुकीचा शब्द खोडला. फक्त तो शब्द म्हणजे ती स्वतः होती.

१९९८च्या मे महिन्यात वयाच्या १०८व्या वर्षी त्या गेल्या. रक्षा एव्हरग्लेड्सच्याच पाण्यात सोडली.

त्यांचे कागद मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पत्रं, हस्तलिखितं, भाषणं, फोटो. नीट खोक्यांत, खोक्यांना नंबर, आत फोल्डर, फोल्डरला नंबर. कुणीही रीतसर मागावं, टेबलावर बसून वाचावं. याचा मला हेवा वाटला हे खोटं कशाला बोलू. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांपासून दप्तरं सांभाळण्याची केवढी परंपरा, पेशव्यांचं दफ्तर तर याच शहरात आहे. पण निवृत्त शिक्षिकेच्या फायली घेणार कोण? मी दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी चांगल्या शब्दांत नाही म्हणाले. दुसरीकडे विचारलं, त्या कोण होत्या?

मला अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. डग्लसबाई कित्येक वर्षं डब्ल्यू. एच. हडसन या निसर्गलेखकाचं चरित्र लिहीत होत्या. त्यासाठी अर्जेंटिनाला गेल्या, इंग्लंडला गेल्या. ते पूर्ण झालं नाही. शंभर वर्षांहून अधिक आयुष्य मिळूनही नाही. पाण्यानं ते पुस्तक खाल्लं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. आणि आत्याच्या बाबतीत तर हिशेब उघडच दिसत होता. शेवटची कथा १९८१ची, पहिला अर्ज १९८२चा. एक खोकं जिथे संपतं तिथे दुसरं सुरू होतं. तिच्या कथा काही थोर नव्हत्या, हे भाची म्हणूनही सांगते. पहिल्या दहा-बारांत सोसणाऱ्या सुना जरा जास्तच आहेत. पण शेवटच्या तीन-चारांत काहीतरी सुटायला लागलं होतं. शेवटच्या कथेत एक बाई रात्री ओढ्याचा आवाज ऐकत जागी असते, बाकी काहीच घडत नाही, आणि वाचताना श्वास धरला जातो. ती लिहिती राहिली असती तर? एकोणतीस वर्षांच्या अर्जांच्या बदल्यात दहा कथा आल्या असत्या तर ओढ्याचं काय बिघडलं असतं? तसाही तो बुजलाच.

हा प्रश्न मी तिला एकदा विचारला होता, हसत. ती म्हणाली, "अगं, दोन्ही लिहिणंच आहे." मी ते टाळणं समजले.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून आलेलं पाणी, जागा अपुरी, भिंती फुटल्या. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल. गाड्या एकमेकींवर चढलेल्या फोटोंत अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिल्या. पुणे परिसरात त्या रात्री डझनभराहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एकजात सगळे 'ओढा' म्हणत होते. नाला कुणीही म्हणेना. नाल्याला पूर येत नाही बहुतेक.

मी चिखल तुडवत आत्याकडे पोचले. घर उंचावर, ती ठीक होती. आता ही म्हणणार, मी सांगत नव्हते? मी तयारीच करून गेले होते. तिनं विचारलं, "कोपऱ्यावरची भाजीवाली कुठाय?" भाजीवाली बहिणीकडे सुखरूप होती. ते कळेपर्यंत आत्यानं चहा घेतला नाही. फायलींचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. पुढे दोनेक वर्षांत ती गेली.

तर कागद कुणी घेईना तेव्हा कॅनडातला चुलतभाऊ म्हणाला, ताई, स्कॅन करून ठेव, ड्राइव्हवर टाकू. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी 'पाणी' खोकं रिक्षानं नेलं. अर्ज मी एकूण एक वाचले होते. उत्तरं मात्र वरवर चाळलेली, कारण ती सगळी एकच: आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आलेला आहे. विषयातला खोडलेला नाला बघायचा आणि पुढे जायचं.

दुकानातल्या मुलानं टॅग सोडले, गठ्ठा यंत्रावर ठोकून सरळ केला, आणि एक कागद उलटा केला. मग दुसरा. मग सात-आठ.

"काकू, एका बाजूचे करायचेत ना? मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय सगळ्यांच्या."

मी चष्मा लावला. कार्यालयीन शिक्क्याची शाई मागून उमटलेली, आणि तिच्यावरून आत्याचं बारीक, वळणदार अक्षर. वर तारीख नाही. एका कागदावर दुधाचा हिशेब होता. त्याच्या खालच्यावर: 'पाणी चढत होतं तसा तिला दारातल्या तुळशीचा नव्हे, पलीकडच्या घरातल्या त्या वेड्या मुलीचा'. पुढचा शब्द दुसऱ्या उत्तराच्या मागे असणार.

"दोन्ही बाजू केल्या तर पैसे डबल होतील," तो म्हणाला.

"दोन्ही कर," मी म्हटलं. "आणि क्रम बदलू नकोस."